रायफलीसाठी घरी घडवलेले तिकाटणे

उभ्याने आणि कशाचाही टेकू न घेता रायफल खांद्याला लावली की स्कोपमधली, म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीतली, फुली लक्ष्यावर कधीच ठरत नाही. श्वासाबरोबर ती वर-खाली होते, पायांवरचा तोल बदलला की डावी-उजवीकडे झुलते, आणि नुकताच चढ चढून आलेलो असलो तर छातीतला प्रत्येक ठोका तिच्यात उमटतो. नळीची दिशा एका अंशाच्या साठाव्या भागाने, म्हणजे एका मिनिटाच्या कोनाने बदलली तर १०० मीटरवर गोळी सुमारे २.९ सेंटिमीटर सरकते. हातावर पेललेल्या रायफलीचा डोल अशा दहा-बारा मिनिटांच्या कोनाचा सहज असतो. म्हणजे १०० मीटरवर तीस-पस्तीस सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ झाले. मध्यम चणीच्या हरणाचे हृदय आणि फुप्फुसे ज्या जागी असतात ती जागा मात्र जेमतेम वीस सेंटिमीटरची. या दोन आकड्यांमध्ये जी तफावत आहे तिची किंमत जखमी होऊन झाडीत शिरणारे जनावर मोजते. जिथे कायद्याने शिकारीला परवानगी आहे, हंगाम चालू आहे आणि परवाना खिशात आहे, तिथेसुद्धा एका गोळीत काम तमाम होईल अशी खात्री नसेल तर घोडा दाबण्याचा अधिकार शिकाऱ्याला नाही, असे मी मानतो. टेकू स्वतः बनवण्याच्या कामाला मी लागलो तो या विचाराने.

बंदुकीला काठीचा आधार देण्याची कल्पना बंदुकीइतकीच जुनी म्हणावी लागेल. सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपातले पायदळ शिपाई तोड्याची जड बंदूक पेलण्यासाठी वर बेचके असलेली काठी बरोबर बाळगत. तिबेटी तोड्याच्या बंदुकींना तर दोन पायांचा बिजागरीने मिटणारा टेकू कायमचाच जोडलेला असे. अमेरिकेच्या माळरानांवर १८७० च्या दशकात गव्यांची, म्हणजे बायसनची, शिकार करणारे लोक शार्प्ससारख्या वजनदार रायफली फुलीसारख्या बांधलेल्या दोन काठ्यांवर ठेवून दूरवरचा नेम साधत, आणि आफ्रिकेतल्या शिकारीत सायकलच्या ट्यूबच्या रबराने बांधलेल्या तीन काठ्या घेऊन पुढे चालणारा माग काढणारा माणूस हे नेहमीचे दृश्य आहे. साधन साधे आहे आणि ते घरी बनवण्यात नवे काहीच नाही. बाजारातही तयार शूटिंग स्टिक मिळतात, त्यांतल्या काही उत्तम असतात. तरीही मला दोन गोष्टी खटकत होत्या. एक तर एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या कळा उघडताना आवाज करतात आणि माती गेली की अडतात. दुसरे म्हणजे त्या बिघडल्या तर रानात दुरुस्त होत नाहीत. काठी आणि बांधणी एवढेच असलेले साधन चाकू आणि रबराची पट्टी यांच्या जोरावर जागच्या जागी उभे करता येते.

किती पाय असावेत हा पहिला प्रश्न, आणि त्याचे उत्तर कोणता डोल थांबवायचा आहे यावर ठरते. एकच काठी रायफलीचे वजन घेते, त्यामुळे वर-खाली होणारी हालचाल बरीच शमते. पण डावी-उजवीकडचा डोल तसाच राहतो, कारण काठीचे खालचे टोक हा एकच टेकण्याचा बिंदू असतो आणि सगळी रचना त्याभोवती फिरू शकते. दोन काठ्या कात्रीसारख्या एकमेकींवरून नेल्या की हा आडवा डोल जवळपास नाहीसा होतो. उरते ती पुढे-मागे होणारी हालचाल. ती काही अंशी नेमाच्याच रेषेत असल्याने कमी घातक असते, पण दोन पायांचा टेकू स्वतःच्या बळावर उभा राहत नाही आणि त्याला तोलून धरण्यात एक हात व थोडे लक्ष खर्ची पडते. तिसरा पाय आला की टेकू जमिनीवर आपला आपण उभा राहतो. जमीन कितीही उंचसखल असली तरी तीन पाय कधी डुगडुगत नाहीत, कारण तीन बिंदू नेहमी एकाच प्रतलात बसतात. चार पायांचीही एक रचना आहे, जिच्यात रायफलीचा पुढचा भाग आणि दस्ता, म्हणजे खांद्याला लागणारा मागचा भाग, असे दोन्ही टेकवले जातात. तिच्यावरून नेम फार स्थिर येतो यात वाद नाही. परंतु जनावर चालू लागले की सगळा सांगाडा फिरवावा लागतो, आणि दाट झाडीत तो उघडायलाच जागा नसते. मी तीन पायांवर, म्हणजे तिकाटण्यावर, थांबलो.

त्यानंतर मापे. हे काम मी लाकूड-बांबूला हात लावण्याआधी पूर्ण केले, कारण काठी एकदा कापली की लांब होत नाही. रायफलीचे मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढून, बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारी सरकती कडी, बाहेर काढून आणि चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याची जागा, रिकामे असल्याची डोळ्यांनी व बोटानेही खात्री करून मी भिंतीपासून काही अंतरावर, रानात घालतो तेच बूट घालून उभा राहिलो. डोळे मिटून रायफल खांद्याला लावली, मान कुठेही न ओढता गाल दस्त्यावर टेकू दिला आणि मग डोळे उघडले. स्कोपमधले चित्र पूर्ण दिसत होते, म्हणजे ही माझ्या शरीराची नैसर्गिक उंची होती. घरातल्या माणसाने बाजूने टेप धरून फोरएंडच्या, म्हणजे नळीखालच्या लाकडी भागाच्या, तळाची जमिनीपासूनची उंची मोजली. ती १४२ सेंटिमीटर भरली. डोळे मिटून रायफल लावण्याला माझ्या लेखी फार महत्त्व आहे. उघड्या डोळ्यांनी माणूस नकळत स्कोपच्या मागे मान नेतो, आणि मग टेकू त्या वाकड्या मानेच्या मापाचा बनतो.

आता या उंचीवरून काठीची लांबी काढायची. पाय उभ्या रेषेपासून वीस अंश झुकलेले असावेत असे मी ठरवले. त्याहून कमी झुकाव ठेवला तर बूड अरुंद होते आणि जास्त ठेवला तर पाय गवतात पसरून अडखळवतात. काठ्या जिथे बांधल्या जातात ती गाठ आणि फोरएंडचा तळ यांच्यामध्येही अंतर राहते, हे मापे घेताना ध्यानात ठेवावे लागते. साधारण पाच सेंटिमीटर जाडीचा फोरएंड दोन सेंटिमीटर जाडीच्या काठ्यांच्या बेचक्यात ठेवला, तर तो गाठीपर्यंत खाली जात नाही; कातड्याची जाडी धरून त्याचा तळ गाठीच्या सुमारे आठ सेंटिमीटर वरच अडतो. म्हणून गाठीची उंची १४२ मधून ८ वजा करून १३४ सेंटिमीटर आली. वीस अंशांची कोज्या सुमारे ०.९४ आहे, त्यामुळे गाठीखालच्या पायाची लांबी १४३ सेंटिमीटर ठरली. गाठीच्या वर बेचक्यासाठी १७ सेंटिमीटर ठेवले. एकूण काठी १६० सेंटिमीटरची.

हीच आकडेमोड पुढे नेली तेव्हा एक उपयोगी गोष्ट हाती लागली. पाय तीस अंशांपर्यंत फाकवले तर गाठ १२४ सेंटिमीटरवर येते, म्हणजे दहा सेंटिमीटर खाली. पण पाय फाकले की वरचे बेचकेही तितकेच उघडते आणि रायफल त्यात आणखी तीनेक सेंटिमीटर आत बसते, त्यामुळे प्रत्यक्षात उंची तेरा सेंटिमीटरने उतरते. उतारावर उभे राहून खालच्या दिशेने नेम धरताना किंवा गुडघे थोडे वाकवून उभे राहावे लागते तेव्हा एवढा फरक पुरेसा होतो, आणि त्यासाठी कोणतीही कळ फिरवावी लागत नाही. उलट पाय फार जवळ आणले तर बेचके चिमटल्यासारखे फोरएंडला दोन्हीकडून दाबते. मग बार झाल्यावर धक्क्याने रायफल मागे सरकताना काठ्यांनाही ओढत नेते. तो कोन मी वापरायचाच नाही असे ठरवून टाकले. बसून नेम धरायला मात्र ही काठी लांबच पडते. त्यासाठी साधारण मीटरभर लांबीची वेगळी जोडी हवी, एकाच काठीकडून दोन्ही कामे करून घेण्याच्या नादात तिला सांधा देऊ नये असे माझे मत आहे.

साहित्याचा विचार करताना लाकडी गोल दांडे, ॲल्युमिनियमची नळी आणि भरीव बांबू असे तीन पर्याय माझ्यासमोर होते. येथे जाडीचे गणित कळले पाहिजे. गोल दांड्याचा ताठपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे १६ मिलिमीटरऐवजी २० मिलिमीटर जाडी घेतली, तर जाडी सव्वापट होते पण ताठपणा जवळपास अडीचपट होतो, आणि वजन मात्र दीडपटीच्या आसपासच राहते. १२ मिलिमीटरच्या दांड्यांवर बनवलेले टेकू हातात हलके वाटतात, परंतु १६० सेंटिमीटर लांबीला ते कमानीसारखे वाकतात आणि प्रत्येक श्वासाबरोबर स्प्रिंगसारखे हलतात. ॲल्युमिनियमची नळी ताठ आणि सरळ असते, पाण्याने फुगत नाही, पण दगडाला लागली की खणकन वाजते आणि थंडीत हाताला चटका देते. चांगले, सरळ रेषांचे लाकूड उत्तम, फक्त ते पूर्ण वाळलेले हवे. ओल्या फांद्या कापून लगेच वापरल्या तर त्या वाळताना पिळतात, आणि उघड्या हवेत लाकूड वाळायला त्याच्या दर इंच जाडीमागे साधारण वर्षभर लागते असा जुन्या सुतारांचा ठोकताळा आहे.

मी भरीव बांबू घेतला. बांबूचे बळकट तंतू त्याच्या बाहेरच्या अंगाला दाटीने असतात, आणि वाकण्याला विरोधही बाहेरचेच अंग सर्वांत जास्त करते. त्यामुळे त्याच जाडीच्या पुष्कळ लाकडांपेक्षा तो वजनाच्या मानाने ताठ भरतो. निवडताना मी पक्व, पिवळसर झालेल्या, पेरे जवळजवळ असलेल्या काठ्या बाजूला काढल्या. प्रत्येक काठी बोटांच्या पेरांवर मधोमध तोलून टिचकी मारली की पक्व आणि वाळलेली काठी टणक, आखूड आवाज देते, तर कोवळी किंवा आतून पोखरलेली काठी बद्द वाजते. भुंगेऱ्याने पाडलेली टाचणीच्या टोकाएवढी भोके आणि त्यांखाली पिठासारखी भुकटी दिसली की ती काठी कितीही सरळ असली तरी घ्यायची नाही. तीनही काठ्यांची जाडी खालून वर २२ ते २० मिलिमीटरच्या दरम्यान उतरत जाईल अशी पाहिली. खालचे टोक प्रत्येक वेळी पेराच्या लगेच खाली कापले, कारण पेरापाशी तंतू एकमेकांत गुंतलेले असतात आणि तिथे टोक सहजी चिरत नाही. कापण्याच्या जागी आधी चिकटपट्टीचे दोन वेढे घट्ट दिले आणि बारीक दातांच्या करवतीने काठी फिरवत फिरवत कापली, म्हणजे शेवटच्या तंतूची साल निघत नाही.

बांबू क्वचितच सुतासारखा सरळ मिळतो. बाक काढण्यासाठी ती जागा मंद आचेवर, ज्योतीचा स्पर्श होऊ न देता फिरवत राहावी लागते. काही वेळाने आतला मेणचट अंश पृष्ठभागावर चकाकू लागतो. तो कापडाने पुसून, दोन खुंट्यांमध्ये काठी अडकवून बाकाच्या उलट दिशेला थोडी जास्तच वाकवायची आणि ओल्या फडक्याने गार करेपर्यंत तशीच धरून ठेवायची. हे काम सावकाश करण्यातच शहाणपण आहे. एकाच पेराला वारंवार तापवले तर तिथले तंतू करपून ठिसूळ होतात. पोकळ बांबूच्या बाबतीत आणखी एक धोका असतो, आत कोंडलेली हवा आणि वाफ तापून तो फटकन फुटतो. भरीव बांबू घेण्याचे मला तेही एक कारण वाटले.

आता सांध्याकडे वळतो. माझ्या मते तिकाटण्याचा जीव पायांत नसून सांध्यात असतो. पाय कितीही ताठ असोत, सांध्यात खेळ असेल तर तो सगळा खेळ वर बेचक्यात पोचतो. लाकडाच्या किंवा धातूच्या काठ्यांना आरपार भोक पाडून नट-बोल्ट लावता येतो, आणि दोन पायांच्या टेकूला ते चांगलेच आहे: ६ मिलिमीटरचा बोल्ट, काठ्यांच्या मध्ये रबराची चकती, दोन्ही बाहेरच्या अंगांना रुंद वॉशर आणि सैल न होणारा नायलॉनचे कडे असलेला नट. बांबूला मात्र भोक पाडायला मी तयार नव्हतो. त्याचे सगळे तंतू उभे धावतात. भोकात बसलेला बोल्ट वजन आले की पाचरीसारखे काम करतो आणि चीर एकदा सुरू झाली की पेरापर्यंत जाऊनच थांबते. शिवाय तीन काठ्यांना एकाच बोल्टात ओवले तर त्या एकाच प्रतलात उघडतात, तिकाटण्यासारख्या तीन दिशांना फाकत नाहीत. म्हणून बांधणीच करायची हे ठरले.

बांधणीसाठी सायकलच्या जुन्या ट्यूबची अडीच सेंटिमीटर रुंदीची लांब पट्टी कापली. व्हॉल्व्हची आणि पंक्चर चिकटवलेली जागा त्यात येऊ दिली नाही, आणि कडा कात्रीने एका सलग रेषेत कापल्या, कारण काठावर बारीकशी खाच राहिली तरी ताण पडल्यावर रबर तिथूनच फाटते. पट्टी साबणाने धुऊन वाळवली, म्हणजे आतली पांढरी पूड निघून रबर रबराला पकडते. तीनही काठ्या जमिनीवर शेजारी-शेजारी ठेवल्या, वरची टोके एका रेषेत आणली आणि वरून १७ सेंटिमीटरवर पेन्सिलीने खूण केली. मधल्या काठीला पट्टीचे टोक दोन वेढ्यांखाली दाबून सुरुवात केली, आणि मग बाज विणताना सुंभ जसे एका गाताच्या वरून व दुसऱ्याच्या खालून जाते तशी पट्टी पहिल्या काठीवरून, मधलीच्या खालून, तिसरीवरून, आणि परतताना नेमकी उलट अशी नेली. प्रत्येक वेढा देताना रबर मूळ लांबीच्या दीडपट ताणले. असे पाच-सहा वेढे झाल्यावर काठ्यांच्या मधल्या दोन्ही फटींतून उभे दोन-दोन वेढे देऊन आडव्या वेढ्यांना आवळले. सांध्याचा ताठपणा खरे तर हे उभे वेढेच ठरवतात. ते ढिले असतील तर पाय लुळे पडतात. फार आवळले तर काठ्या उघडायला दोन्ही हात लागतात. मी ते असे जमवून घेतले की बाहेरच्या दोन काठ्या एका हाताने फाकवता याव्यात, मधली काठी पायाने सरकवता यावी, आणि कोणताही पाय आपल्या वजनाने मिटू नये. शेवटचे टोक उभ्या वेढ्यांखालून ओढून घेतले. रबरावर गाठ मारली नाही, कारण ताणलेल्या रबराची गाठ तिथेच झिजते.

रबराच्या बांधणीचा आणखी एक गुण वापरताना कळतो. बोल्टाचा सांधा एका ठरावीक अक्षावरच फिरतो, तर रबर सर्व दिशांना किंचित नमते आणि सोडले की परत येते. एक पाय खड्ड्यात आणि दुसरा ढेकळावर असला तरी बांधणी ते सामावून घेते, आणि तरीही वजन आल्यावर काठ्या एकमेकींवर दाबल्या जाऊन सांधा अधिकच घट्ट होतो.

बेचक्याच्या आवरणाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण गोळी कुठे जाते याच्याशी त्याचा थेट संबंध आहे. बार होताना गोळी नळीतून बाहेर पडायच्या आतच रायफल मागे सरकायला लागलेली असते. टेकू कठीण असला तर रायफल त्यावरून उसळते आणि गोळ्या नेहमीच्या जागेपेक्षा बहुधा वर लागतात. टेकू मऊ पण चिकट असला, नुसत्या रबराचा, तर रायफल सरळ मागे सरकत नाही आणि काठ्यांची ओढ नेमात मिसळते. म्हणून मी दोन थर दिले. आत ट्यूबच्याच रबराची एक पट्टी, धक्का झेलण्यासाठी. आणि तिच्यावर गुळगुळीत अंग बाहेर ठेवून कातडे, रायफल सहज सरकावी यासाठी. कातडे पाण्यात भिजवून मऊ केले, काठीभोवती ताणून बाहेरच्या बाजूने मेणाच्या दोऱ्याने शिवले आणि सावलीत वाळू दिले. ओले ताणून शिवलेले कातडे वाळताना आवळून बसते आणि मग खिळा किंवा गोंद लागत नाही. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवली, म्हणजे टाके फोरएंडला घासत नाहीत. तीन टोकांपैकी ज्या दोनांच्या बेचक्यात रायफल ठेवतो त्यांवर कातडे खाली गाठीपर्यंत आणले, तिसऱ्यावर फक्त वरचा भाग झाकला.

खालच्या टोकांना चालण्याच्या काठीला लावतात ती रबरी टोपणे बसवली. दगडावर ती घसरत नाहीत आणि आवाजही करत नाहीत. मऊ, ओल्या जमिनीवर लोखंडी अणी अधिक चांगली पकड घेते, पण खडकावर तिचा कर्रकन आवाज होतो. आणि शांत रानात तो आवाज फार दूर जातो. चालताना तीनही काठ्या एकमेकींवर आपटून खडखडू नयेत म्हणून प्रत्येकीला मधोमध जुन्या सुती कापडाची पट्टी गुंडाळली, आणि मिटलेले तिकाटणे बांधायला एक रुंद इलॅस्टिकचे कडे केले, जे अंगठ्याने खाली सरकवले की सुटते.

बांबूला अळशीच्या तेलाचे पातळ हात दिले, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर पुढचा. याविषयी एक सूचना मी आवर्जून करतो. अळशीच्या तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून टाकल्या तर तेल वाळताना निर्माण होणारी उष्णता आत साठते आणि त्या आपोआप पेट घेऊ शकतात. अशा चिंध्या उघड्यावर सुट्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात. तेल बांधणीच्या रबराला लागू दिले नाही, कारण तेलाने रबर फुगते आणि त्याचा ताण जातो.

तिकाटणे तयार झाल्यावर लगेच गोळीबाराला नेले नाही. आधी रायफलीइतक्याच वजनाची वाळूची पिशवी बेचक्यात टांगून ते रात्रभर उभे ठेवले आणि सकाळी पायांमधले अंतर पुन्हा मोजले. वीस अंशांच्या कोनाला या पायांची टोके एकमेकांपासून सुमारे ८५ सेंटिमीटरवर येतात, आणि ती तिथेच होती. त्यानंतर काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलूपबंद ठेवून रिकाम्या रायफलीने कोरडा सराव सुरू केला. खांद्यावरून तिकाटणे उतरवणे, कडे सरकवणे, पाय फाकवणे, रायफल वर ठेवणे, हे सगळे लक्ष्यावरची नजर न हटवता झाले पाहिजे. हाताला ते वळण लागायला वेळ द्यावा लागतो, आणि काठी बनवण्याइतकाच हा भाग कामाचा आहे. रायफल टेकूवर तशीच सोडून बाजूला व्हायचे नाही, नळी कायम सुरक्षित दिशेला ठेवायची आणि घोड्यावर बोट नेम ठरल्यावरच न्यायचे, हे नियम कोरड्या सरावातही तंतोतंत पाळले.

उभे राहण्याची पद्धतही याच सरावात ठरली. मी तिकाटण्याचे दोन पाय लक्ष्याच्या बाजूला आणि एक पाय माझ्याकडे ठेवतो, आणि छातीचा थोडा भार पुढे टाकतो; समोरचे दोन पाय तो भार झेलतात आणि बांधणी आवळली जाते. डावा हात फोरएंडवर न ठेवता गाठीच्या लगेच वर, काठ्यांना आणि फोरएंडला मिळून अंगठ्याच्या बेचक्यात पकडतो. नळी काठीला कुठेही टेकू देत नाही. पुष्कळ रायफलींची नळी लाकडापासून मोकळी ठेवलेली असते, आणि बार होताना ती कंप पावते. तिला खालून टेका मिळाला की कंप बदलतो आणि गोळीची जागाही. दस्त्याचे टोक मात्र तिकाटण्यावर असतानाही मोकळेच राहते आणि उरलासुरला डोल तिथूनच येतो. त्यावर उपाय म्हणून उजवे कोपर बरगडीशी आवळून धरतो, आणि पाठीवरची पिशवी पुढे घेऊन उजव्या काखेखालच्या पोकळीत दाबता आली तर दस्ता आणखी स्थिर होतो. झाडाचे खोड हाताशी असेल तर उजवा खांदा त्याला टेकवतो. श्वास अर्धा सोडून जो नैसर्गिक विराम येतो त्यात, दोन-चार सेकंदांच्या आत, घोडा सावकाश दाबायचा. त्याहून जास्त वेळ श्वास रोखला तर नजर धूसर होऊ लागते आणि डोल परत येतो. अशा वेळी रायफल न उचलता पुन्हा श्वास घ्यायचा, टेकू असल्याचा खरा फायदा तिथेच आहे.

मैदानावर १०० मीटरवरच्या कागदावर मी आधी टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवून, मग आधाराविना उभ्याने आणि मग तिकाटण्यावरून अशा गोळ्या मारल्या. आधाराविना मारलेल्या गोळ्या तीस सेंटिमीटरच्या वर्तुळात विखुरल्या होत्या. तिकाटण्यावरून मारलेल्या गोळ्या नऊ सेंटिमीटरमध्ये आल्या. आणखी एक गोष्ट कागदावर स्पष्ट दिसली: तिकाटण्यावरच्या गोळ्यांचा मध्य टेबलावरच्या गोळ्यांच्या मध्यापेक्षा दोन सेंटिमीटर वर आणि किंचित डावीकडे होता. रायफलीचा आधार बदलला की असे होऊ शकते. म्हणून स्कोपचा शून्य, म्हणजे फुली आणि गोळी लागण्याची जागा यांचा मेळ, मी तिकाटण्यावरून पुन्हा बसवला, कारण रानात माझ्याबरोबर टेबल नसते. १५० मीटरवर गोळ्या चौदा सेंटिमीटरमध्ये राहिल्या, आणि २०० मीटरवर मात्र काही गोळ्या वीस सेंटिमीटरच्या बाहेर गेल्या. त्यामुळे या तिकाटण्यावरून १५० मीटरच्या पलीकडे मी नेम धरत नाही. त्यापुढे जनावर कितीही चांगले उभे असो, जवळ जायचे किंवा सोडून द्यायचे.

देखभाल फारशी नाही. ऊन लागून रबर कडक होते, म्हणून तिकाटणे घरात अंधाऱ्या कोपऱ्यात, पाय मिटून पण इलॅस्टिकचे कडे सैल करून उभे ठेवतो. ओले होऊन आले तर रबरी टोपणे काढून टोके वाळवतो, नाहीतर आत पाणी राहून बांबू काळा पडतो. हंगामाच्या आधी बांधणीचा प्रत्येक वेढा नखाने ओढून पाहतो. रबराच्या काठावर बारीक भेगा दिसल्या की सबंध पट्टी सोडून नवी बांधतो, आणि बांधणी बदलली की ताण बदलतो म्हणून कागदावर शून्य पुन्हा तपासल्याशिवाय ते तिकाटणे बाहेर नेत नाही.